विश्लेषण : दहिसर ते उत्तन… पावसाळ्याआधी छोटी बोट पाण्याबाहेर काढण्याचे गणित काय असते?

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मुंबईच्या उत्तर टोकाला एक मोठे काम सुरू होते. गोराई, मनोरी, उत्तन भागातील छोट्या यांत्रिक बोटी पाण्यातून ओढून किनाऱ्यावर घेतल्या जातात, त्यांची इंजिने उतरवली जातात आणि बोटींवर झाकण घातले जाते. कोकण किनाऱ्यावर याला बोटी ‘शाकारणे’ म्हणतात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि या कामाचे सारे वेळापत्रक कोलमडले. बोट बाहेर काढणे म्हणजे दोर बांधून ओढणे, एवढेच वाटते. प्रत्यक्षात त्यात भरतीचे वेळापत्रक, वजनाचा हिशेब आणि किनाऱ्यावरील जागा अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. यातली एक जरी चुकली तरी एका कुटुंबाचे पुढच्या वर्षाचे उत्पन्न अडचणीत येते. ते कसे, याचा हा आढावा.

बोटी बाहेर काढाव्या का लागतात?

पहिले कारण कायद्याचे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींनी मासेमारी करण्यास बंदी असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू होतो. १९८१ च्या या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. त्यापलीकडच्या समुद्रात केंद्र सरकारचा आदेश चालतो. हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडेच्या अनेक बोटींसाठी कोकण किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट हा बंदचा काळ पाळला जातो.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. मासेमारी बंद असली तरी बोट पाण्यात उभी ठेवता येतेच की, असे कोणालाही वाटेल. मोठे ट्रॉलर बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेही जातात. पण १८-२२ फुटांच्या उघड्या बोटीचे तसे नसते. तिला पूर्ण डेक नसतो. पाऊस थेट आत पडतो आणि तो उपसायला रोज कोणीतरी जावे लागते.

हिशेब सोपा आहे. बोटीचा वरून दिसणारा पसारा सात चौरस मीटर धरला, तर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर तिच्यात ७०० लिटर, म्हणजे ७०० किलो पाणी साठते. मुंबईच्या पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवशी पाण्यात बांधलेली उघडी बोट लाटेशिवाय, नुसत्या पावसाने बुडू शकते.

तिसरे कारण वादळे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे नोंदले गेले. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. दोन्ही वादळांत किनाऱ्यालगत नांगरून ठेवलेल्या अनेक बोटींचे नुकसान झाले. यातील एक वादळ बंदी सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी आणि दुसरे बंदी लागल्यावर तिसऱ्याच दिवशी आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२०२५ मध्ये नेमके काय बिघडले?

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो १६ दिवस आधी आला. त्या मे महिन्यात कुलाब्याच्या पावसाने १९१८ चा विक्रमही मोडला. शहरात चर्चा झाली ती तुंबलेल्या रस्त्यांची आणि बंद पडलेल्या गाड्यांची. किनाऱ्यावर मात्र अडचण वेगळी होती आणि ती समजायला पंचांग पाहावे लागते.

छोटी बोट ओढायला उधाणाची भरती हवी असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भरतीचे पाणी सर्वांत वर येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे चढत नाही. मुंबईत उधाणाच्या आणि भांगाच्या सरासरी भरतीत उंचीचा फरक एक मीटरहून थोडा अधिक आहे. हा फरक छोटा वाटतो. पण किनाऱ्याचा उतार वीस मीटरला एक मीटर असा सौम्य असेल, तर उभ्या एक मीटरचा अर्थ आडवे वीस मीटर अंतर असा होतो. भांगाच्या दिवशी बोट काढायची तर ती वीस मीटर जास्त ओढावी लागते, आणि तीही चिखलातून.

मे २०२५ मध्ये पौर्णिमा १२ तारखेला होती आणि अमावास्या २७ तारखेला. म्हणजे बोटी काढायला सोयीच्या भरत्या दोनच वेळा होत्या. पहिल्या उधाणाला बोट काढली तर हंगामाचे सुमारे अडीच आठवडे वाया जातात. त्यामुळे ३१ मेपर्यंत मासेमारी करून अमावास्येच्या उधाणात बोट काढायची, हा सरळ व्यवहार होता. नेमक्या त्याच दिवसांत, २६ मे रोजी, पाऊस दाखल झाला. ज्या भरतीवर भिस्त होती, ती वारा, लाटा आणि मुसळधार पाऊस घेऊन आली.

बंदीची तारीख इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे ठरते, भरती चंद्राप्रमाणे आणि पाऊस त्याच्या मर्जीप्रमाणे येतो. या तिन्हींचा मेळ दरवर्षी वेगळा बसतो. पाऊस लवकर येण्याच्या वर्षी बोट काढण्यासाठी मिळणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात.

भरतीची वेळ कशी ठरवतात?

आता मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. मुंबई महापालिकाही पावसाळ्यातील साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतींची यादी दरवर्षी जाहीर करते. पण किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेला एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी भरती साधारण ५० मिनिटे उशिरा येते. पाऊणपटीच्या हिशेबात एका तिथीला ४५ मिनिटे पडतात, म्हणून तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

या हिशेबाचा एक फायदा असा की मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारी किंवा मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. दुपारच्या भरतीला उजेडात काम करता येते. रात्रीची भरती साधण्याचा मोह टाळलेलाच बरा. दोर कुठे अडकला आहे, कोणाचा पाय कुठे आहे, हे अंधारात दिसत नाही.

भरती पूर्ण झाल्यावर पाणी थोडा वेळच थांबते. म्हणून माणसे, दोर, ओंडके, टेकू हे सारे भरतीच्या किमान तासभर आधी जागेवर हवे. पाणी उतरू लागल्यावर घाई केली की बोट अर्ध्या वाटेत चिखलात बसते.

बोटीचे खरे वजन किती असते?

अपघातांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. कागदावर बोटीचे वजन लिहिलेले असते ते रिकाम्या बोटीचे. प्रत्यक्षात तिच्यात काय काय असते ते पाहू. समजा फायबरची रिकामी बोट ६०० किलोची आहे. तिच्यावर ५० किलोचे आउटबोर्ड इंजिन आहे. शंभर लिटर पेट्रोल असेल तर त्याचे वजन सुमारे ७४ किलो. जाळी, दोर, नांगर आणि बर्फाची पेटी मिळून आणखी शंभरेक किलो सहज होतात. तळात पाच सेंटिमीटर पाणी असेल आणि ते चार मीटर लांब व एक मीटर रुंद जागेत पसरलेले असेल, तर ते पाणीच २०० किलो भरते. म्हणजे सहाशे किलोची म्हणून ओढायला घेतलेली बोट हजार किलोच्या पुढे गेलेली असते.

म्हणून पहिला नियम असा की बोट काढण्याआधी ती रिकामी करायची. पाणी उपसायचे, जाळी आणि नांगर उतरवायचे, इंधन काढायचे आणि शक्य असेल तर इंजिनही. इंजिन उतरवल्याने बोटीची मागची बाजू हलकी होते आणि ती सरळ सरकते.

पाण्याचा आणखी एक धोका आहे. ते स्थिर राहत नाही. बोट उचलताना थोडी कलली की सारे पाणी त्या बाजूला धावते, कल वाढतो आणि बोट पट्ट्यांतून निसटू शकते.

माणसांनी ओढावी की क्रेनने उचलावी?

दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि दोन्हींचे धोके वेगळे आहेत.

आधी ओढण्याचे पाहू. रिकामी केलेली ८०० किलोची बोट दहा मीटरला एक मीटर अशा चढावर ओढायची आहे असे समजू. चढामुळे लागणारा जोर फक्त ८० किलो वजनाइतका असतो. खरा अडथळा घर्षणाचा. ओल्या वाळूवर बोट नुसती घासत नेली आणि घर्षण वजनाच्या निम्मे धरले, तर ४०० किलोचा जोर लागतो. दोन्ही मिळून ४८० किलो. एक माणूस सलगपणे तीसेक किलो जोर लावतो असे मानले, तर सोळा माणसे हवीत. खाली गोल ओंडके किंवा रोलर घालून घर्षण वजनाच्या एक दशांशावर आणले, तर एकूण जोर १६० किलोवर येतो आणि सहा माणसांत काम होते. ओंडक्यांना वंगण लावण्यामागे आणि एकेक ओंडका मागून काढून पुढे ठेवण्यामागे हेच शास्त्र आहे.

ओढताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोर बोटीच्या नाळेतील मजबूत कडीला किंवा बोटीभोवती फिरवून बांधावा. बसायच्या फळीला किंवा कठड्याला बांधलेला दोर ती फळीच उपटून काढतो. दुसरे, ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. तिसरे, बोट हलत असताना ओंडका सरळ करायला हात किंवा पाय घालू नये. आधी बोट थांबवावी, मागे पाचर लावावी आणि मगच ओंडका हलवावा.

चिखलात आणखी एक अडचण येते. दहिसरच्या खाडीकाठासारख्या गाळाच्या जागी बोटीचा तळ गाळाला चिकटून बसतो. अशा वेळी पुढून झटका दिला तर दोर तुटतो किंवा कडी निघते. बोट आधी डावी-उजवीकडे हलवून तळाखाली पाणी आणि हवा जाऊ द्यावी लागते. मग ती सुटते.

क्रेनचे गणित निराळे आहे. ‘हायड्रा’ नावाने ओळखली जाणारी क्रेन शहरात भाड्याने सहज मिळते, आणि बोट उचलून थेट जागेवर ठेवता येते. पण क्रेनवर लिहिलेली क्षमता ही तिचा दांडा आखूड आणि भार जवळ असतानाची असते. दांडा लांबवला की क्षमता झपाट्याने घटते. शिवाय अशा क्रेनला जमिनीवर टेकवायचे बाजूचे पाय नसतात. मऊ वाळूत एक चाक रुतले की भार हेलकावतो आणि क्रेनसह बोट कलंडू शकते. म्हणून क्रेन कठीण जमिनीवर किंवा जाड लोखंडी पत्र्यांवरच उभी करावी. वरून विजेच्या तारा जात असतील तर ते काम तिथे करूच नये.

पट्टे बांधताना कोन महत्त्वाचा का?

बोटीखालून पुढे आणि मागे असे दोन रुंद पट्टे घालतात आणि दोन्ही एका आकड्याला अडकवतात. वजन दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाईल असे वाटते. तसे होत नाही. पट्टा जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर एकूण वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन ४५ अंशांवर आला की ताण ७१ टक्के होतो. ३० अंशांवर तर प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. म्हणजे पट्टे आखूड घेतले की बोट तेवढ्याच वजनाची असूनही पट्टा तुटण्याची शक्यता वाढते.

आखूड पट्ट्यांचा दुसरा परिणाम बोटीवर होतो. ते तिच्या दोन्ही बाजूंना आत दाबतात. लाकडी बोटीचे सांधे उघडतात, फायबरच्या बोटीला तडे जातात. यावर उपाय म्हणजे पट्टे लांब घेणे किंवा पट्ट्यांच्या मध्ये लोखंडी आडवी दांडी घालणे. त्यामुळे पट्टे बोटीच्या बाजूंपासून दूर आणि सरळ राहतात.

साखळी किंवा तारदोर थेट बोटीला लावू नये. रुंद कापडी पट्टेच वापरावेत आणि ते धारदार कडेवर येणार असतील तर मध्ये जुन्या टायरचा तुकडा घालावा. बोट पूर्ण उचलण्याआधी जमिनीपासून वीतभर वर घेऊन थांबावे. ती पुढे-मागे कलत नाही ना, पट्टा सरकत नाही ना, हे पाहावे आणि मगच पुढे जावे. उचललेल्या बोटीखाली कोणीही जाऊ नये. तिला दिशा द्यायची असेल तर दोन टोकांना बांधलेल्या दोरांनी, लांबून द्यावी.

किनाऱ्यावर बोट कशी ठेवायची?

बोट बाहेर आली की काम संपले असे समजणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. पुढचे दोन-अडीच महिने ती ज्या अवस्थेत उभी राहणार आहे, ती आता ठरते.

बोटीचा भार तिच्या तळाच्या कण्यावर असायला हवा. कण्याखाली पुढे, मध्ये आणि मागे असे किमान तीन ठिकाणी लाकडी ठोकळे द्यावेत. बाजूचे टेकू बोट कलंडू नये म्हणून असतात, वजन पेलण्यासाठी नव्हे. कण्याखालचा ठोकळा मऊ वाळूत खचला की सारा भार बाजूच्या टेकूवर येतो आणि तो तळात घुसतो. म्हणून ठोकळ्यांखाली रुंद फळ्या घालतात. समोरासमोरचे दोन टेकू बोटीखालून दोराने किंवा साखळीने एकमेकांना बांधले तर ते बाहेर सरकत नाहीत.

नाळ थोडी उंच ठेवावी आणि मागचे बूच काढून ठेवावे. आत पडलेले पाणी आपोआप मागे येऊन वाहून जाते. काढलेले बूच सुकाणूला किंवा इंजिनच्या जागेला दोरीने बांधून ठेवण्याची पद्धत चांगली. बोट पुन्हा पाण्यात लोटताना ते शोधत बसावे लागत नाही.

झाकण घालताना ते उतरते हवे. पूर्वी यासाठी नारळाच्या झावळ्यांची झापे वापरत, आता ताडपत्री असते. ताडपत्री सपाट बांधली तर तिच्यात पाणी साठते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद जागेत दहा सेंटिमीटर पाणी साठले तरी ३०० किलो वजन होते. म्हणून मधोमध आडवा वासा लावून घराच्या छपरासारखा उतार द्यावा लागतो. ताडपत्रीची दोरी बाजूच्या टेकूंना कधीही बांधू नये. वाऱ्याने ताडपत्री फडफडते आणि टेकू ओढून काढते. दोरी बोटीखालून फिरवून पलीकडे बांधावी. झाकणाच्या दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा सोडावी, नाहीतर आत दमटपणा राहतो आणि लाकूड कुजते.

लाकडी बोटीबाबत एक उलटी काळजीही घ्यावी लागते. ती फार सुकली तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. मेच्या उन्हात बोट लवकर काढली असेल तर पाऊस येईपर्यंत तिच्यावर सावली हवी.

मुंबईत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. ताडपत्रीच्या खळग्यात आणि बोटीला लावलेल्या टायरमध्ये साचलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचे आयते घर. टायर काढून ठेवणे किंवा त्यांना खालून भोके पाडणे हा साधा उपाय आहे.

जमिनीवरची बोटही बांधावी का?

हो, आणि हेच अनेकदा राहून जाते. रिकामी बोट हलकी असते आणि जेमतेम गुडघाभर पाण्यातही तरंगू शकते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडीचे पाणी नेहमीची रेषा ओलांडते.

दहिसरमध्ये हा धोका दुहेरी आहे. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या बाजूने निघते, बोरिवली-दहिसरच्या दाट वस्तीतून वाहते आणि खाडीला मिळते. डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो. त्याच वेळी खाडीत भरती असेल तर नदीचे पाणी पुढे सरकत नाही आणि काठांवर पसरते. २६ जुलै २००५ च्या पुरात या नदीचे रौद्र रूप दिसले होते. अशा ठिकाणी ठेवलेली बोट वाहून गेली तर तिचे नुकसान होतेच, शिवाय ती पुलाच्या खांबांत अडकून पाण्याचा मार्गही अडवते.

म्हणून बोट मागच्या पावसाळ्यातील सर्वांत उंच पाण्याच्या खुणेच्या वर ठेवावी आणि तरीही दोन बाजूंनी बांधावी. बांधायला झाड किंवा जमिनीत खोल गाडलेला खुंटा हवा. बूच उघडे असलेली बोट पाणी आले तरी आतून भरते आणि चटकन वाहून जात नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

इंजिनाचे काय करायचे?

खाऱ्या पाण्यात चाललेले आउटबोर्ड इंजिन बाहेर काढल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवावे लागते, आतूनही. थंडाव्यासाठी इंजिनात फिरणारे समुद्राचे पाणी सुकले की मीठ मागे राहते आणि दोन महिन्यांत नळ्या बुजतात. इंजिन उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळते. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी.

इंधनाचा प्रश्न अलीकडे गंभीर झाला आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्याच्या दमट हवेत दोन महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढत जाते आणि ठरावीक प्रमाणानंतर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिन सुरू करताना आधी तोच आत जातो. त्यामुळे टाकी रिकामी करणे आणि कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून घेणे हे दोन्ही आवश्यक. काढलेले पेट्रोल घरात, विशेषतः चुलीजवळ किंवा झोपायच्या खोलीत ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. ते वाहनात वापरून संपवणे उत्तम.

जागेचा प्रश्न का उभा राहतो?

वरील सर्व खबरदारी घेता येते, पण त्यासाठी आधी जागा लागते. वीस फुटांची बोट, तिच्या बाजूचे टेकू, माणसाला फिरायला वाट आणि ओढून आणायला मोकळा रस्ता असा हिशेब केला, तर एका बोटीला तिच्या आकाराच्या किमान दुप्पट जागा हवी. ती भरतीरेषेच्या वर हवी आणि पाण्यापासून फार लांबही नको.

मुंबईच्या उत्तर टोकाला अशी जागा दोन्ही बाजूंनी आवळत गेली आहे. एका बाजूला कांदळवने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीविरोधात कठोर आदेश दिले आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा मानला. हे योग्यच आहे. तिवरे लाटांचा जोर तोडतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. तिवरे तोडून बोटी ठेवणारा मच्छीमार स्वतःच्याच पुढच्या हंगामावर घाव घालतो. दुसऱ्या बाजूला वस्ती, रस्ते आणि वर्सोवा-दहिसर-भाईंदर सागरी मार्गासारखे मोठे प्रकल्प आहेत.

कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी याच संदर्भात समजून घ्यायला हवी. सीमा ठरवताना घरे मोजली जातात. पण मासे सुकवायची, जाळी विणायची आणि बोटी ओढायची जागा घरांच्या बाहेर, मोकळी दिसणारी असते. वर्षातले दहा महिने ती रिकामी दिसते, म्हणून ती कोणाचीच नाही असा समज होतो. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मासे सुकवणे, जाळी दुरुस्ती आणि पारंपरिक बोटबांधणी यांसाठीच्या सुविधांना स्थान आहे. पण कागदावरील तरतूद आणि जमिनीवर आखलेली रेषा यांत अंतर राहते.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीच्या समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कर्ज, वीज आणि विम्याच्या सवलतींचा मार्ग खुला होईल असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला जसे खळे लागते, तसे मच्छीमाराला बोट ओढायचा किनारा लागतो. हा दर्जा प्रत्यक्षात उतरायचा असेल तर या जागेचाही विचार व्हायला हवा.

मुंबईत १७५० मध्ये लवजी नसरवानजी वाडिया यांच्या काळात मोठ्या जहाजांसाठी सुकी गोदी बांधली गेली. पावणेतीन शतकांपूर्वी ज्या शहराने जहाजे पाण्याबाहेर घेण्याची पक्की सोय केली, तिथे छोट्या बोटी अजूनही अनेक ठिकाणी ओंडक्यांवरून खांद्याच्या जोरावर चढवाव्या लागतात. काँक्रीटचा एक सौम्य उतार, वर एक हातविंच आणि बोटींसाठी आखलेली जागा एवढी सोय पुष्कळ काम सोपे करते. शिवाय ती सामायिक असली की प्रत्येकाला वेगळी क्रेन बोलवावी लागत नाही.

पुढे काय?

२०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे आणि पौर्णिमा ३१ मे रोजी येते. म्हणजे उधाणाची भरती नेमकी बंदी सुरू होण्याच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास आहे. वेळापत्रक सोयीचे आहे, पण पाऊस लवकर आला तर त्याआधीचे उधाण १६ मेच्या अमावास्येचे, म्हणजे पंधरा दिवस अलीकडचे. मधल्या काळात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले तर भांगाच्या भरतीतच बोटी काढण्याची वेळ येऊ शकते. त्यासाठी दोर, ओंडके, पट्टे आणि टेकू मेच्या पहिल्या पंधरवड्यातच तपासून ठेवणे, जागा आधी ठरवणे आणि बोटीचा विमा ती किनाऱ्यावर असतानाही लागू आहे का हे पाहून घेणे, एवढी तयारी हातात आहे.

बोट परत पाण्यात लोटण्याचा हिशेबही आताच करता येतो. २९ जुलै २०२६ ला पौर्णिमा आहे, त्यामुळे १ ऑगस्टला पाणी अजून वर येत असेल. ती संधी हुकली तर पुढचे उधाण १२ ऑगस्टच्या अमावास्येचे. अधिक मासामुळे नारळी पौर्णिमा मात्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आहे. बंदी उठण्याची तारीख आणि समुद्र शांत होण्याची परंपरागत खूण यांत यंदा जवळपास चार आठवड्यांचे अंतर पडते. त्या चार आठवड्यांत कोण बाहेर पडेल आणि कोण थांबेल, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर ठरेल. थांबणाऱ्यांच्या बोटींना मात्र आणखी महिनाभर किनाऱ्यावर जागा लागेल.